पेंद्यापासून पंचनाम्यापर्यंत

'प्यार का पंचनामा' २० मे २०११ रोजी लागला तेव्हा त्यात नाव घेण्यासारखा एकही स्टार नव्हता. दिग्दर्शक लव रंजनचा पहिला चित्रपट, कार्तिक आर्यनचाही पहिलाच. दिल्लीत एका फ्लॅटमध्ये राहणारे तीन नोकरदार मित्र, तिघांचं प्रेम आणि तिघांची लागलेली वाट, एवढीच गोष्ट. कार्तिकने पोरींच्या नावाने एका दमात ओकलेली पाचेक मिनिटांची गरळ मात्र चित्रपटापेक्षा जास्त फिरली. अगदी आमच्या शेतांपर्यंत पोहोचली.

हिवाळ्यात जळगाव-भुसावळकडे भरीत पार्ट्या रंगतात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणार पुरुष, हात पोळवत सोलणार पुरुष, मिरची-लसूण ठेचणारेही पुरुषच. घरी ज्यांनी कधी चहा टाकला नाही असेसुद्धा. वांगी निवेपर्यंत कुणीतरी मोबाइलवर तो तुकडा लावतो. 'भो, हाई ते आपलीच कहानी शे!' लग्न झालेले खो खो हसतात. ज्यांचं जमत नाही ते जरा उशिराने.

दोस्त आणि प्रेम यांच्या खेचाखेचीतून हसू काढायची रीत सिनेमाने शोधलेली नाही. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत तमाशाची गवळण पाहिलेल्या माणसाला ती ठाऊक असते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण आणि त्याच्या जोडीला लंगडा पेंद्या. गवळणींच्या बाजूने भांडायला मावशी, आणि ती मावशी म्हणजे पदर सावरणारा बाप्याच. पेंद्या स्वतः काही मिळवत नाही. त्याने मित्रासाठी वाट अडवायची, मावशीचा मार खायचा आणि लोकांना हसवायचं. दोस्त हा प्रेमाचा हमाल, असा तो हिशेब.

'अशी ही बनवाबनवी'तही (१९८८) हमाली तीच, फक्त तिला भाड्याच्या खोलीचं निमित्त आहे. एकट्या पोरांना पुण्यात घर कोण देणार? मग चौघांतले दोघे साड्या नेसून बायका होतात. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या 'बीवी और मकान'ची; मराठीत मात्र ती अशी रुजली की मूळ कुणाला आठवत नाही. पुण्यात रूम शोधलेल्या धुळे-नंदुरबारच्या पोरांना हा चित्रपट पाठ असतो. 'बॅचलरला देत नाही' हे वाक्य त्यांनीही ऐकलेलंच असतं.

खरं वळण त्याआधीच येऊन गेलं होतं. सई परांजपे यांच्या 'चश्मे बद्दूर'मध्ये (१९८१) दिल्लीत एकत्र राहणारे तीन मित्र आहेत. दोघांना पोरगी भाव देत नाही, तरी ते खोलीवर येऊन फुशारक्या मारतात. तिसऱ्याचं जमतं तेव्हा हेच दोघे बिब्बा घालतात. पेंद्या पहिल्यांदा उलटला तो इथे. पण सईंनी खोटारडेपणा दोस्तांच्याच गळ्यात बांधला, आणि निस्तरायलाही त्यांनाच लावलं. 'दिल चाहता है'मध्ये (२००१) वयाने मोठ्या बाईवर जीव जडलेल्या मित्राबद्दल दुसरा अचकट बोलतो आणि दोस्ती तुटते. तिथेही चूक मित्राचीच.

लव रंजनने हा दोष उचलून पोरींच्या पदरात टाकला. २०१८ च्या 'सोनू के टीटू की स्वीटी'त तर दोस्त विरुद्ध होणारी बायको असा उघड सामनाच लावला, आणि तो दोस्ताला जिंकून दिला. विनोदाची वेळ साधण्यात हा माणूस पक्का आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. तरी दुसरी बाजू तो ऐकूनच घेत नाही. निदान गवळणीत मावशी तरी असते, सडेतोड उत्तर द्यायला.

आता खानदेशापुरतं. पंचनामा आला त्याच २०११ साली जनगणना झाली. जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली भरल्या साडेआठशेहूनही कमी. पोरी छळतात म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या मुलखात पोरीच कमी जन्माला येत होत्या, किंवा येऊ दिल्या जात नव्हत्या. त्यात शेती करणाऱ्या पोराला मुलगी द्यायला आज शेतकरी बापच तयार नाही. त्यामुळे भरिताच्या पंगतीतलं ते हसू निव्वळ गंमतीचं मानायला मन धजत नाही. प्रेयसीचा जाच ही तिथल्या निम्म्यांसाठी ऐकीव गोष्ट आहे.

त्याच वर्षी, पंचनाम्यानंतर दोन महिन्यांनी, 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' लागला. तिथेही तीन मित्र आणि एकाचं मोडायला आलेलं लग्न, पण नवरीला खलनायिका न करता. लेखनात दिग्दर्शिका झोया अख्तरसोबत रीमा कागती होती. हीच रीमा पुढे मालेगावात आली. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात असलं तरी १८६९ पर्यंत खानदेश जिल्ह्यातच होतं. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखने यंत्रमागाच्या या गावात दोस्तांना गोळा करून 'मालेगाव के शोले' काढला. गावातल्या बायका पडद्यावर यायच्या नाहीत, म्हणून अशा चित्रपटांना नायिका बाहेरून आणावी लागे. या मंडळींवरचा रीमाचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २८ फेब्रुवारी २०२५ ला थिएटरांत लागला. त्यात दोस्तांचं बिनसतं ते श्रेयावरून आणि पैशावरून. पोरीवर खापर फोडायची त्यांना गरज पडत नाही.