गोव्यातील १०८ रुग्णवाहिका आणि ईएमटीची नोकरी : पार्श्वभूमी

गोव्यात १०८ सेवा २००८ मध्ये आली. त्याआधी आरोग्य केंद्राची गाडी म्हणजे चालक आणि स्ट्रेचर. मागे बसायचे ते घरचे लोक. हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ रोजी सुरू झालेली पद्धत इथे आली तेव्हा गाडीच्या मागच्या भागात पहिल्यांदाच एक प्रशिक्षित माणूस बसला. विज्ञान शाखेचे पदवीधर, फार्मसी किंवा नर्सिंग केलेले तरुण-तरुणी काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेऊन ईएमटी, म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, झाले आणि चालकाला ‘पायलट’ म्हणू लागले.

वाद आहे तो त्या वेळच्या एका निर्णयाचा. आरोग्य खात्यात ईएमटीची पदे निर्माण न करता सेवा करारावर देण्यात आली. पैसा सरकारचा, पण नेमणूकपत्र सेवा चालवणाऱ्या संस्थेचे. किनाऱ्यांवरची जीवरक्षक सेवाही त्याच वर्षी याच वाटेने गेली. करारामागची कारणे खोटी नव्हती. पदनिर्मिती, भरतीचे नियम, वित्त खात्याची मंजुरी या फेऱ्यात वर्षे गेली असती आणि तेवढा काळ माणसे रस्त्यावर मेली असती. सेवा झटपट उभी राहिली, याचे श्रेय त्या निर्णयाला द्यावेच लागेल. पण सुरुवातीची निकड सरल्यावरही व्यवस्था तशीच चालू ठेवणे हा वेगळा निर्णय होता. त्याची चर्चा मात्र कधी मनापासून झाली नाही.

या निर्णयाचा अर्थ नोकरी शोधताना कळतो. सरकारी पदासाठी पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला, रोजगार विनिमय केंद्राचे कार्ड आणि कोकणीचे ज्ञान सक्तीचे. मराठी येत असल्यास इष्ट. १०८ मध्ये प्रमाणपत्रांची फाईल घेऊन थेट मुलाखतीला जाता येते. दार सोपे, म्हणून नुकताच शिकून बाहेर पडलेला मुलगा आधी तिथेच जातो. अडचण पुढे आहे. सरकारी जाहिरातीत वयोमर्यादा साधारण ४५ असते आणि सरकारी कर्मचाऱ्यांना त्यात पाच वर्षांची सवलत मिळते. ईएमटीला ती नाही, कारण कागदोपत्री तो सरकारी कर्मचारी नाही. अनेक वर्षे अपघात आणि बाळंतपणे हाताळलेला माणूस शेवटी वॉर्डातल्या एखाद्या पदासाठी नवख्यांबरोबर पहिल्यापासून रांगेत उभा राहतो. कायम करा म्हटले की सरकारचे उत्तर येते, मालक आम्ही नव्हे. संपाची भाषा निघाली की हीच सेवा अत्यावश्यक ठरते आणि संपाला मनाई करणाऱ्या एस्मा कायद्याचे नाव निघते. अत्यावश्यक ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे ठेवायचा आणि त्याबरोबर येणारे दायित्व मात्र कराराकडे बोट दाखवून नाकारायचे, हे मला न्याय्य वाटत नाही.

सिंधुदुर्गातल्या मुलांना हा प्रश्न आणखी वेगळा दिसतो. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ सुरू झाली तेव्हा गाडीत ईएमटीऐवजी डॉक्टर ठेवण्याची पद्धत स्वीकारली गेली. त्यामुळे बांदा-सावंतवाडीकडच्या ईएमटी झालेल्याची नजर पत्रादेवीची सीमा ओलांडून गोव्याकडे वळते. रुग्णांचा ओघही याच दिशेने आहे. बांबोळीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, परराज्यातल्या रुग्णांना २०१८ पासून शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्गात आंदोलन झाले होते.

काम मात्र २००८ च्या मानाने पुष्कळ बदलले आहे. सुरुवातीला उचलणे, प्राणवायू लावणे, पोहोचवणे यावर भर होता. पुढे अरुंद वाड्यांसाठी मोटारसायकल रुग्णवाहिका आल्या आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी लहान रुग्णालये बांबोळीशी जोडली गेली. काणकोणहून छातीत कळ येणारा रुग्ण निघतो तेव्हा ईएमटीचे हात कसे चालतात ते पाहावे. घामाने इलेक्ट्रोड चिकटत नाहीत, म्हणून आधी छाती गॉजने कोरडी करायची, गरज पडल्यास केस काढायचे, मग बारा लीडचा ईसीजी. करमलचा घाट वळणावळणाचा, गाडी हलते, आलेख थरथरतो. फोनवर डॉक्टर, समोर घाबरलेली बायको. उतरवून झाल्यावर नोंदपत्र भरून कॅज्युअल्टीत सही घ्यायची. तिथे खाट रिकामी नसेल तर आपले स्ट्रेचर सुटेपर्यंत थांबायचे, कारण त्याशिवाय पुढचा कॉल घेता येत नाही. बारा तासांच्या पाळीत जेवणाचे ठरलेले टायमिंग नसते. झुआरीचा नवा पूल डिसेंबर २०२२ मध्ये अंशतः खुला होईपर्यंत कुठ्ठाळीच्या कोंडीत सायरन वाजवत उभे राहणेही याच नोकरीचा भाग होते. कोविडमध्ये तर पीपीई किट घालून हेच सगळे करावे लागले.

२०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा केला आणि आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाला त्याच्या यादीत जागा मिळाली. त्यात संलग्न व्यावसायिकाच्या पदविकेसाठी किंवा पदवीसाठी किमान २,००० तासांचे शिक्षण अपेक्षित आहे. काही आठवड्यांच्या प्रशिक्षणावर सेवेत आलेल्यांसाठी हा आकडा मोठा आहे. नव्याने शिकणाऱ्याने आता अभ्यासक्रमाचे तास पाहूनच प्रवेश घ्यावा. जुन्यांची मागणी आहे ती रस्त्यावर काढलेली वर्षे हिशेबात धरण्याची. नोंदणीसाठीही आणि सरकारी भरतीतल्या वयाच्या सवलतीसाठीही.