दोन्हीला दारूच म्हणतात: ठासणीची काळी दारू आणि काडतुसातली दारू

ठासणीच्या, म्हणजे तोंडातून गजाने ठासून भरायच्या बंदुकीत भरतात तीही दारू, आणि बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) काडतुसात असते तीही दारूच. रानडुकरांपासून वावर राखायला परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक विदर्भातल्या जंगललगतच्या गावांत अजून कुठे कुठे आहे, आणि नावातला हा सारखेपणा तिथे जिवावर बेततो. काळी दारू संपली की कुणीतरी सुचवतंच, "काडतूस फोड अन् त्यातली टाक." हे कधीही करू नका.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण. काडतुसातली धूरविरहित दारू म्हणजे कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूपासून कारखान्यात बनलेलं नायट्रोसेल्युलोज. काही प्रकारांत नायट्रोग्लिसरीनही असतं. १८८४ साली फ्रान्समध्ये ती रायफलीला चालेल अशी तयार झाली आणि त्यानंतर काळी दारू झपाट्याने मागे पडली.

रंगावरून ओळखायला जाल तर फसाल. धूरविरहित दारूच्या दाण्यांवर बहुधा ग्रॅफाइटचा लेप असतो, त्यामुळे तीही करडी-काळी आणि चकचकीत दिसते. फरक दाण्याच्या घडणीत आहे. काळ्या दारूचा दाणा फोडलेल्या कोळशासारखा, कोनाकोनाचा, एक लहान तर एक मोठा. दुसरीचे दाणे साच्यातून काढल्यासारखे एकसारखे असतात: पातळ चकत्या, बारीक नळकांड्या किंवा मोहरीहूनही लहान, किंचित दबलेले गोळे. तरीही बिनलेबलाच्या डब्यातली दारू नुसती बघून 'ओळखली' असं म्हणू नका. ती वापरायचीच नाही.

आता मापाचा हिशेब बघा, कारण खरा घात इथेच होतो. बारा बोअरला काळ्या दारूचं नेहमीचं जुनं माप ३ ड्रॅम. एक ड्रॅम म्हणजे २७.३४ ग्रेन, म्हणजे एकूण ८२ ग्रेन, साधारण ५.३ ग्रॅम. तितकेच छर्रे तितक्याच वेगाने फेकायला आजच्या काडतुसात २० ग्रेनच्या आसपास, जेमतेम १.३ ग्रॅम धूरविरहित दारू पुरते. ठासणीत मात्र दारू तोलून नाही, मापाने ओततात. धूरविरहित दारू वजनाला हलकी असली तरी त्याच मापात ४० ग्रेनच्या घरात बसते. आधुनिक, पोलादी बंदुकीलाही ही मात्रा दुप्पट झाली. इथे तर जुनी नळी आणि आट्यांवर बसवलेलं बूड आहे.

"मग चिमूटभरच टाकू," हाही उपाय नाही. काळ्या दारूचा जळण्याचा वेग मुख्यतः दाण्याच्या आकारावर ठरतो, दाबाने तो फारसा वाढत नाही. धूरविरहित दारूत दाब वाढला की वेग वाढतो आणि वेग वाढला की दाब आणखी चढतो. उघड्यावर ती पिवळ्या ज्योतीने संथ जळते, म्हणून मवाळ वाटते, तर काळी भक्कन पेटते. बंद नळीत चित्र उलटं होतं. त्यात गजाने ठासलेला भार दर खेपेला कमीजास्त घट्ट बसतो, म्हणून दाबही दर खेपेला वेगळा. नळी फाटते ती बहुतेक बुडाशी, म्हणजे डोळ्यापासून वीतभर अंतरावर. फटाक्याची दारू तर याहून वाईट. ती गोळी ढकलण्यासाठी नसतेच.

ओतीव शिशाच्या गोळीची रायफल हा वेगळा विषय आहे. जिथे काडतूस स्वतः भरायला कायद्याने मुभा आहे, तिथले नेमबाज त्यात डोकं घालतात. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे. पण तत्त्व कळायला हरकत नाही. शुद्ध शिसं कडकपणाच्या ब्रिनेल मापावर ५ च्या आसपास, म्हणजे मऊच, भरतं आणि ३२७ अंशांना वितळतं. दाब-वेग जास्त झाला की गरम वायू गोळीच्या कडेने निसटतो, तिला कातरतो आणि नळीत शिशाचा थर बसतो. म्हणून तिथे लवकर जळणारी दारू थोडी वापरतात. त्यात धोका असा की मोठ्या काडतुसात थोडी दारू तळाशी पडून राहते आणि चुकून दोनदा भरली तरी लक्षात येत नाही. सावकाश जळणारी दारू मनाने कमी करणंही घातक. ती नीट पेटत नाही, गोळी नळीतच अडकते आणि पुढची गोळी तिच्यावर आदळते. काळ्या दारूत गोळी आणि दारू यांत पोकळी राहिली तर नळी फुगते, म्हणून गोळी गजाने थेट दारूवर टेकवावीच लागते.

बार झाल्यावरही दोघींचं वागणं वेगळं. काळ्या दारूचं निम्म्याहून जास्त वजन घन राख होऊन उरतं. ती राख हवेतला ओलावा ओढते. श्रावणात एका रात्रीत नळी तांबरते. नुसतं तेल लावून ही राख सुटत नाही. त्याच दिवशी गरम पाणी आणि साबण, मग कोरडं फडकं, मग तेल. धूरविरहित दारूला सॉल्व्हंट (नळीतला मळ विरघळवणारं द्रव) आणि तेल पुरतं.

साठवणीत काळ्या दारूला ठिणगीचं भय, धूरविरहितला उन्हाचं. कोरडी राहिली तर काळी अनेक वर्षं टिकते. धूरविरहित मात्र उष्णतेने आतून कुजते, आणि मे महिन्यात टिनाखालच्या माळ्यावर काय तापमान असतं ते सांगायला नको. डबा उघडताच आंबूस, नाकाला झोंबणारा वास आला किंवा तांबूस धूर-भुकटी दिसली तर ती दारू संपली समजा. तो डबा घरात ठेवू नका आणि जाळू नका. स्वतः उचलून नेऊही नका. पोलीस ठाण्याला कळवा आणि ते येईपर्यंत माणसं अन् जनावरं लांब ठेवा.