रेडिएशनचा मीटर घेताना: लाल-हिरवा दिवा नको, सरासरी बघा

नागपुरात समोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास एक फोटो येतो: कुणाच्या तरी हातात छोटा मीटर आणि त्यावर पेटलेला लाल दिवा. मनीषनगरच्या एका काकूंनी मला नेमका प्रश्न विचारला, "भाऊ, माझा मीटर लाल दाखवून राहिला, न् भाच्यानं आणलेला त्याच खोलीत हिरवा. खरा कोणता?" दोन्ही खरे असू शकतात. ते कसं, हे समजल्याशिवाय मीटर विकत घेणं म्हणजे पैसे देऊन भीती किंवा खोटी निश्चिंती घरात आणणं आहे. म्हणून हा लेख.

आधी मोजायचं काय ते ठरवू. टॉवर, वायफाय राउटर, मोबाइल हे सगळे रेडिओलहरी सोडतात. एका चौरस मीटरवर या लहरींची किती शक्ती येऊन पडते, तिला शक्तिघनता म्हणतात आणि ती वॅट प्रति चौरस मीटरमध्ये मोजतात. घरातले आकडे बारीक असल्यानं मीटरवर मिलिवॅट किंवा मायक्रोवॅट दिसतात. पहिला खड्डा इथेच आहे. काही मीटर मायक्रोवॅट प्रति चौरस मीटर दाखवतात, काही मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर. या दोन एककांत दहा हजार पटींचा फरक आहे. ग्रुपवर आलेल्या फोटोत एकक वाचता येत नसेल तर त्या आकड्याला काहीच अर्थ नाही. काही मीटर व्होल्ट प्रति मीटर दाखवतात; त्या आकड्याचा वर्ग करून ३७७ ने भागलं की वॅट प्रति चौरस मीटर मिळतात.

आता तुलना कशाशी करायची? २०१२ साली भारतानं टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला ती ०.४५ वॅट प्रति चौरस मीटर, १८०० ला ०.९ आणि २००० मेगाहर्ट्झच्या वर सरसकट १ वॅट. म्हणजे ४५० ते १००० मिलिवॅट. मीटरवरच्या लाल-हिरव्या दिव्यांचा मात्र या आकड्यांशी बहुतेक वेळा संबंध नसतो. बऱ्याच घरगुती मीटरांच्या रंगांमागे जर्मनीतल्या 'बाऊबायोलोगी' या घरबांधणीविषयक चळवळीची मार्गदर्शक तत्त्वं असतात, आणि त्यात १ मिलिवॅट प्रति चौरस मीटरच्या वर गेलं की 'अतितीव्र'. तो आकडा अपाय दिसला म्हणून ठरलेला नाही, शक्य तितकं कमी असावं या आग्रहातून आलेला आहे. तुमच्या मीटरचा लाल दिवा भारतीय मर्यादेच्या चारशे-पाचशे पट खालीही पेटू शकतो. दिव्यांचाच मीटर असेल, आकडा नसेल, तर तो घेऊच नका.

आता मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग. लहरीचं आकड्यात रूपांतर होतं कसं?

अँटेनात आलेली लहर म्हणजे सेकंदाला कोट्यवधी वेळा उलटसुलट होणारा व्होल्टेज. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झला सेकंदाला २४० कोटी वेळा. त्याची साधी सरासरी काढली तर शून्य येईल, कारण जेवढं वर तेवढंच खाली. इथे डायोड कामाला येतो. डायोडमधून एका दिशेनं प्रवाह सहज जातो, उलट दिशेनं जवळजवळ जात नाही. शिवाय त्याच्या प्रवाहाचा आलेख सरळ रेषेत नसतो, वर वाकत जातो. लहर दुबळी असताना या वाकण्यामुळे एक सुंदर गोष्ट घडते: उलटसुलट भाग एकमेकांना खाऊन टाकतात आणि मागे उरतो तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असलेला छोटासा स्थिर व्होल्टेज. व्होल्टेजचा वर्ग म्हणजेच शक्ती. आपल्याला हवं होतं ते निसर्गानं स्वतःच गणित करून हातात दिलं! जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकाचा असा शोधक बनवला. त्याचं अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ साली मिळालं. आजच्या मीटरातला डायोड त्याच कुळातला आहे.

पण लहर जोरदार झाली की डायोड वागणूक बदलतो. त्याच्या मागे असलेला, वीज साठवणारा कपॅसिटर लहरीच्या शिखराइतका भरतो आणि रिकामा व्हायला वेळ घेतो. मग मीटर सरासरी शक्ती नाही, शिखर सांगू लागतो. एकच मीटर दुबळ्या लहरीत एक गोष्ट मोजतो आणि जोरदार लहरीत दुसरी.

दुसरी जात लॉग डिटेक्टरची. टॉवरपासून लांब आणि टॉवरच्या समोर यांत शक्तीचा फरक दहा लाख पटींचाही असतो. एवढा पल्ला एका डायोडला झेपत नाही. म्हणून आतली चिप शक्तीचा लॉगरिदम काढते, म्हणजे थेट डेसिबलमध्ये उत्तर देते. दर दहा डेसिबलला शक्ती दहापट. पल्ला मोठा मिळतो, चिप स्वस्त असते, म्हणून अनेक घरगुती मीटरांत हीच असते. अडचण पुढे येते. हातात धरलेल्या मीटरचा आकडा सारखा नाचू नये म्हणून बनवणारे त्या डेसिबलांची सरासरी काढतात. आणि डेसिबलांची सरासरी ही शक्तीची सरासरी नसते.

राउटरवर हिशेब करून बघू. कुणी इंटरनेट वापरत नसलं तरी राउटर दर १०२ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला साधारण दहा वेळा, 'मी इथे आहे' असा छोटा संदेश सोडतो. बाकी वेळ तो गप्प. समजा तो शंभरातला एक भाग वेळच बोलतो आहे. १०० मिलिवॅटचा राउटर एक मीटरवर असेल तर ती शक्ती १२.६ चौरस मीटरच्या गोलावर पसरते, म्हणजे बोलताना सुमारे ८ मिलिवॅट प्रति चौरस मीटर. सोपं जावं म्हणून १० धरू. गप्प असताना मीटरला स्वतःचा गोंगाट दिसतो, तो ०.००१ धरू.

शिखर मोजणारा मीटर १० दाखवेल. शक्तीची खरी सरासरी काढणारा मीटर शंभरातला एक भाग, म्हणजे ०.१ दाखवेल. आता डेसिबलवाला. १ मिलिवॅटला शून्य डेसिबल मानलं तर बोलताना अधिक १०, गप्प असताना उणे ३०. सरासरी: ०.०१ गुणिले १०, अधिक ०.९९ गुणिले उणे ३०, म्हणजे उणे २९.६. परत शक्तीत आणलं तर साधारण ०.००११. १०, ०.१ आणि ०.००१. एकच खोली, एकच राउटर, एकच जागा, आणि पहिल्या-तिसऱ्या मीटरात जवळपास दहा हजार पटींचा फरक. तिन्ही मीटर धडधाकट आहेत. काकूंचा लाल आणि भाच्याचा हिरवा इथून येतो.

शिखर आणि सरासरी यांतला फरक पावसावरून बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपुरात एका रात्रीत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि अंबाझरी तलाव ओसंडला. त्या रात्रीच्या सरीचा जोर आणि त्या महिन्याची रोजची सरासरी, दोन्ही आकडे खरे, पण प्रश्न वेगळे. रेडिओलहरींच्या बाबतीत सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींचं तापणं, आणि तापणं ठरतं सरासरीवरून. त्यामुळे मर्यादेशी तुलना करताना सहा मिनिटांची सरासरी धरायची पद्धत आहे. शिखराचा आकडा घेऊन तो मर्यादेशी ताडणं चूक. वरच्या उदाहरणात शिखरही मर्यादेच्या शंभराव्या भागात बसतं, सरासरी तर दहा हजाराव्या.

तरी शिखर निरुपयोगी नाही. लहर कुठून येते आहे हे शोधायला शिखरच कामाचं. हवामान खात्याच्या डॉप्लर रडारसारखे स्रोत मायक्रोसेकंदांचे स्पंद सोडत फिरतात. त्यांची चाहूल सरासरीत लागत नाही. म्हणून घ्यायचा मीटर असा, की जो शिखर आणि सरासरी दोन्ही वेगवेगळे दाखवतो आणि सरासरी आरएमएस, म्हणजे शक्तीची खरी सरासरी, आहे असं माहितीपत्रकात लिहून देतो. ते लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला विचारा. सीताबर्डीच्या दुकानात असो की ऑनलाइन, याचं उत्तर न देता कोणी 'एकदम ॲक्युरेट आहे' एवढंच म्हणाला तर पुढे जा. अचूकताही डेसिबलमध्ये वाचा: अधिक-उणे ६ डेसिबल म्हणजे आकडा चौपट जास्त किंवा चौथ्या भागाइतका असू शकतो. घरगुती मीटरला हे चालून जातं, पण मग ०.८ आणि १.१ यांतल्या फरकावरून सोसायटीच्या सभेत भांडू नये.

वारंवारतेचा पट्टा हा पुढचा मुद्दा, आणि तो सोपा आहे. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. त्याचा एक पट्टा ७०० मेगाहर्ट्झचा, मुख्य पट्टा ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा. वायफाय ५ गिगाहर्ट्झच्याही वर जातं. जुन्या मीटरांची धाव २.५ गिगाहर्ट्झच्या आसपास संपते. त्यांना ५जीचा मोठा भाग दिसतच नाही. ७०० मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ एवढा पल्ला हवाच. 'थ्री-इन-वन' मीटर घेत असाल तर एक काळजी: त्यातली मिलिगॉसची, म्हणजे चुंबकीय क्षेत्राची, बाजू ५० हर्ट्झच्या विजेसाठी असते. कूलरच्या मोटरजवळ ती उसळते, त्याचा टॉवरशी काही संबंध नाही. मीटरला स्पीकर असेल तर उत्तम. राउटरची टकटक, जुन्या २जीची २१७ हर्ट्झची गुरगुर, हे कानाला वेगवेगळं कळतं.

मोबाइलमधल्या 'रेडिएशन डिटेक्टर' ॲपवर एक पैसाही घालवू नका. ती फोनचा होकायंत्राचा सेन्सर वाचतात. तो पृथ्वीचं चाळीसएक मायक्रोटेस्लाचं चुंबकीय क्षेत्र मोजायला आहे. २४० कोटी वेळा उलटणारी लहर त्याला कळूच शकत नाही. लोखंडी कपाटाजवळ फोन नेला की आकडा वाढतो, एवढंच. आणि रेडिएशन शोषणारे स्टिकर, चिप, लोलक यांबद्दल स्पष्टच सांगतो. २०२० साली राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणापासून केलेली चिप पत्रकारांना दाखवली आणि ती मोबाइलचं रेडिएशन कमी करते असं सांगितलं. शेकडो शास्त्रज्ञांनी त्याचा पुरावा मागितला. अशी वस्तू खरोखर लहर अडवत असेल, तर टॉवरशी संपर्क टिकवायला फोन स्वतःची शक्ती वाढवेल. सिग्नल चांगला असताना फोन मिलिवॅटच्या बारीक अंशावर काम भागवतो, आणि सिग्नल दुबळा झाला की २०० मिलिवॅटपर्यंत जातो. तोच फोन कानाला लावलेला असतो. टॉवर हटवला म्हणजे डोक्यापर्यंत येणारी शक्ती घटलीच असं म्हणूनच धरता येत नाही. फोनसाठी मीटर वापरूही नका, इतक्या जवळचा आकडा निरर्थक असतो. *#०७# डायल करून सार (एसएआर, म्हणजे शरीर दर किलोमागे किती शक्ती शोषतं तो आकडा) बघा. भारतात मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११ मध्ये रेडिओलहरींना '२बी' म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक' गटात ठेवलं, हे खरं आहे. त्या गटाचा अर्थ मर्यादित पुरावा असा आहे, आणि त्यासाठी मुख्यतः पाहिलेले अभ्यास कानाला लावलेल्या फोनचे होते.

मीटर हातात आल्यावर मोजायचं कसं, तेही बघू. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी १२.५ सेंटिमीटर. भिंतीवरून परतलेली लहर आणि आलेली लहर मिसळून खोलीत दर सव्वासहा सेंटिमीटरला जोर आणि शांतता यांचे पट्टे तयार होतात. मीटर वीतभर हलवला की आकडा कितीतरी पट बदलतो. म्हणून एका जागेचा आकडा घेऊ नका. शरीरापासून हात लांब करून मीटर सावकाश फिरवा, साधा मीटर असेल तर उभा, आडवा, तिरपा धरा, आणि कंबर, छाती, डोकं अशा उंचीवर मोजून सरासरी काढा. ५जी टॉवर ज्या दिशेला वापरकर्ता असेल तिकडे झोत वळवतो, म्हणून मोजताना घरातल्या कुणाला तरी ५जी फोनवर मोठी फाइल उतरवायला सांगा.

नागपूरकरांसाठी खास: खिडकीत बसवलेला कूलर म्हणजे पत्र्याची पेटी आणि ओली खस. पत्रा लहर परतवतो, पाणी ती शोषतं. त्या खिडकीतून येणारी लहर मे महिन्यात अडते आणि कूलर काढला की पुन्हा आत येते. उन्हाळ्यातला आकडा दाखवून हिवाळ्यात 'टॉवरनं पॉवर वाढवली' म्हणू नका. आणि टॉवरच्या थेट खाली राहणाऱ्यांनी आधी समोरच्या इमारतीतला आकडा बघावा. अँटेनाचा झोत जवळपास आडवा, काही अंशच खाली झुकलेला असतो. २० मीटर उंचीवरून ६ अंशांनी निघालेला झोत जमिनीला टेकतो तो सुमारे १९० मीटरवर. खालच्या मजल्यावर बहुतेक वेळा कमीच मिळतं.

एवढं करूनही सरासरीचा आकडा १०० मिलिवॅटच्या वर टिकून राहिला, तर घरगुती मीटरवर विसंबू नका. दूरसंचार विभागाचं 'तरंग संचार' हे पोर्टल २०१७ पासून आहे. तिथे जवळच्या टॉवरची माहिती मिळते आणि शुल्क भरून अधिकृत मोजणी मागता येते. त्या मोजणीचा अहवाल मागताना प्रत्येक वारंवारतेचा आकडा वेगळा द्या, असं अर्जात आवर्जून लिहा, कारण ९०० आणि ३५०० मेगाहर्ट्झच्या मर्यादा वेगळ्या आहेत आणि घरगुती मीटरला हे वेगळेपण सहसा दाखवता येत नाही.