मुंग्यांच्या शेतातली निंदणी

पर्णकर्तक मुंग्यांच्या वसाहतीतून बुरशीच्या बागेचा मुठीएवढा तुकडा काढून घ्यावा, त्यातली एकेक मुंगी चिमट्याने वेचून बाजूला करावी आणि तो तुकडा दमट डबीत झाकून ठेवावा. थोड्याच दिवसांत त्याचे रूप पालटू लागते. पांढरट, स्पंजासारख्या त्या गोळ्यावर कुठे हिरवट भुकटी धरते, कुठे तपकिरी लव उगवते, कुठे काळपट ठिपके पसरतात, आणि मुंग्यांनी जोपासलेली मूळची बुरशी त्याखाली दबून मरते. या उपऱ्या बुरश्या डबीत नंतर शिरलेल्या नसतात. त्यांतल्या बहुतेकींचे बीजाणू त्या तुकड्यात आधीपासूनच होते. म्हणून त्या आल्या कोठून, यापेक्षा मुंग्या असेपर्यंत त्या दिसत का नव्हत्या, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

या मुंग्या आपल्याकडच्या नव्हेत. अट्टा आणि अ‍ॅक्रोमिरमेक्स या त्यांच्या मुख्य प्रजाती अमेरिका खंडातच आढळतात, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागापासून थेट अर्जेंटिनापर्यंत. कोकणातल्या आंब्या-फणसांवर पाने शिवून घर करणारी ओंबील पानांशी खेळते खरी, पण ती शेती करत नाही. पर्णकर्तक मुंग्या मात्र पानांचे तुकडे कापून, ते डोक्यावर छत्रीसारखे धरून रांगेने बिळात नेतात आणि त्यांवर बुरशी पिकवतात. ब्राझीलमध्ये अट्टा मुंग्यांना साऊवा म्हणतात, आणि संत्र्याच्या व निलगिरीच्या बागा असणारे तिथले शेतकरी त्यांच्या नावाने धास्तावतात.

एवढ्या पानांचे या मुंग्या करतात काय, याचे बरोबर उत्तर प्रथम थॉमस बेल्ट या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने दिले. निकाराग्वातल्या सोन्याच्या खाणीवर काम करत असताना त्याने वारुळे खणून पाहिली. कोठड्यांमध्ये त्याला पानांचा साठा सापडला नाही, तर तपकिरी, भुसभुशीत, पांढऱ्या तंतूंनी विणलेला पदार्थ सापडला. मुंग्या पाने खात नाहीत, त्यांचे खत करून बुरशी वाढवतात आणि तीच खातात, असा निष्कर्ष त्याने 1874 साली प्रसिद्ध केला. पुढे 1893 साली आल्फ्रेड म्योलर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दक्षिण ब्राझीलमधल्या ब्लुमेनाऊ येथे सूक्ष्मदर्शकाखाली या बुरशीचा बारकाईने अभ्यास केला. तिच्या तंतूंची टोके जागोजागी फुगून त्यांचे घोस तयार होतात आणि मुंग्या नेमके तेच घोस खुडतात, हे त्याने दाखवले. फुगीर देठाची ती टोके पाहून त्याला नवलकोलाची आठवण झाली आणि त्याने त्यांना त्या भाजीचेच नाव दिले. मेद आणि शर्करा यांनी भरलेल्या या गाठी हेच वसाहतीतल्या अळ्यांचे मुख्य अन्न असते.

या बुरशीचे शास्त्रीय नाव ल्युकोअगॅरिकस गाँगिलोफोरस. आपण खातो त्या बटण अळंबीच्याच कुळातली ही बुरशी आहे, पण वारुळावर तिची छत्री क्वचितच उगवते. तिची वाढ जवळपास संपूर्णपणे मुंग्यांच्या हातून, म्हणजे जुन्या बागेतले तंतू उचलून नव्या पानांवर लावून होते. आलेले पान मुंग्या आधी चाटून पुसतात, मग एक-दोन मिलिमीटरचे तुकडे करून चघळतात, ते बागेच्या कडेला बसवतात, त्यावर आपल्या विष्ठेचा थेंब सोडतात आणि शेवटी जुन्या बागेतले तंतू उपटून त्यावर रोवतात. त्या थेंबाची गोष्ट तर फारच सुंदर आहे. पानातली प्रथिने आणि कठीण घटक फोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, बुरशी आपल्या गाठींमध्ये साठवते. मुंगी त्या गाठी खाते, पण ही विकरे तिच्या पोटात न पचता तशीच पुढे सरकतात आणि विष्ठेवाटे ताज्या पानावर पडतात. म्हणजे बागेच्या जुन्या भागातले रसायन मुंगीच्या आतड्यातून वाहून नव्या भागात पोचते, आणि नुकत्या लावलेल्या कोवळ्या तंतूंना पान पचवायला तयार मदत मिळते.

इथवरचे वर्णन वाचून ही एकाच पिकाची शेती आहे असे कोणालाही वाटेल, आणि एका अर्थी ते खरेही आहे. एका वसाहतीत ल्युकोअगॅरिकसचा एकच वाण असतो. मायकेल पौल्सेन आणि याकोबस बोमस्मा यांनी 2005 साली दाखवले, की हा एकवाणीपणा राखण्यात बुरशीचाही हात आहे. अ‍ॅक्रोमिरमेक्स मुंग्यांच्या विष्ठेत त्यांच्या स्वतःच्या बुरशीचे असे घटक उतरतात, की ती विष्ठा दुसऱ्या वाणाच्या तंतूंवर पडली तर ते वाढेनासे होतात. पिकाने शेतकऱ्याच्या हातून दुसरे बियाणे मारून टाकावे, तसाच हा प्रकार आहे. पण दुसरा वाण नाही म्हणजे दुसरी बुरशी नाही, असे मुळीच नाही.

वारुळातल्या बुरश्यांची मोजदाद करण्याचे चिकाटीचे काम ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यातल्या रिओ क्लारो येथील संशोधकांनी केले आहे. बागेचे कण पोषक आगरावर, म्हणजे बुरशी वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर, ठेवायचे आणि त्यातून काय काय उगवते ते ओळखायचे, ही पद्धत वरवर साधी आहे, पण तिने बागेचे चित्रच बदलून टाकले. निरोगी दिसणाऱ्या बागांतूनही ट्रायकोडर्मा, फ्युझेरियम, कनिंगहॅमेला, सिन्सेफॅलॅस्ट्रम अशा अनेक बुरश्या आणि कितीतरी जातींचे यीस्ट वेगळे काढता आले. यांतली दोन नावे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातली आहेत. फ्युझेरियम ही हरभऱ्याच्या आणि तुरीच्या मर रोगाची बुरशी, आणि ट्रायकोडर्मा ही तिच्यावर उतारा म्हणून आपण बियाण्याला चोळतो ती. मुंग्यांच्या शेतात मात्र दोघीही तणच आहेत, कारण तिथले पीकच बुरशी आहे. बुरशीवर वाढणारी बुरशी आपल्याला मित्र वाटते, तीच मुंगीची वैरी ठरते.

या उपऱ्यांपैकी पुष्कळशा बाहेरून येतात, आणि येण्याचा राजमार्ग म्हणजे पान. उष्ण कटिबंधातल्या झाडांच्या पानांच्या पृष्ठभागावर तर बुरश्या असतातच, पण पेशींच्या मधल्या जागेतही अनेक बुरश्या काहीही लक्षण न दाखवता राहत असतात. अशा आंतरवासी बुरश्यांची दाटी कमी असलेली पाने मुंग्या पसंत करतात, आणि दाटी जास्त असलेले पान वारुळात आलेच तर ते साफ करून बागेत बसवायला त्यांना अधिक वेळ लागतो, असे पनामातल्या अभ्यासांत दिसून आले आहे. पान नेणाऱ्या मुंगीच्या तुकड्यावर पुष्कळदा एक इवलीशी मुंगी स्वार झालेली दिसते. ती परजीवी माश्यांपासून रक्षण करायला बसते, असे पूर्वी मानले जाई. ती हे काम करतेच, पण वाटेत पानही चाटून स्वच्छ करते, हे नंतरच्या निरीक्षणांतून कळले. म्हणजे निंदणी शेतावर पोचण्याआधी वाटेतच सुरू होते.

बागेतली खरी धास्ती मात्र एस्कोव्हॉप्सिस या बुरशीची. बाकीच्या बहुतेक बुरश्या पानाचा सडवा खातात. एस्कोव्हॉप्सिस पीकच खाते. तिचे तंतू ल्युकोअगॅरिकसच्या दिशेने वाढत जातात, विषारी द्रव्ये सोडून त्याच्या पेशी फोडतात आणि त्यातला रस शोषतात. कॅमेरॉन करी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली पनामातल्या वसाहतींच्या अभ्यासातून दाखवले, की ही बुरशी मुंग्यांच्या बागांत सर्रास आढळणारा परजीवी आहे आणि तिची सरशी झाली तर संपूर्ण बाग नष्ट होऊ शकते. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अनेक शेतकरी मुंग्यांच्या अंगावर पांढरट पूड दिसते, ती तोवर मेणासारखा थर मानली जात होती. ती पूड म्हणजे जिवंत जीवाणू निघाले, आणि ते एस्कोव्हॉप्सिसची वाढ रोखणारे प्रतिजैविक तयार करत होते. हे जीवाणू स्यूडोनोकार्डिया गटातले असल्याचे पुढे ठरले. प्रतिजैविकांचा शोध माणसाला विसाव्या शतकात लागला, आणि मुंग्यांच्या अंगावर ती कोट्यवधी वर्षांपासून वापरात होती, हे वाचून मी पहिल्यांदा थक्क झालो होतो.

पुढच्या संशोधनाने मात्र ही गोष्ट इतकी सरळ ठेवली नाही, आणि माझ्या मते ती त्यामुळेच जास्त खरी झाली. स्यूडोनोकार्डियाची द्रव्ये फक्त एस्कोव्हॉप्सिसवर नेम धरणारी नाहीत. ती इतर बुरश्यांनाही रोखतात, आणि काही तर मुंग्यांच्या पिकालाही जाचक ठरतात. अट्टा मुंग्यांच्या अंगावर तर हा जीवाणूंचा थर नसतोच, त्यांची मदार छातीजवळच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या आम्लयुक्त द्रवावर असते. काही शेतकरी मुंग्यांच्या त्वचेवर काळे यीस्टही राहते. ते या उपकारक जीवाणूंवरच जगते आणि त्यांची संख्या घटवते, त्यामुळे अशा मुंग्यांना एस्कोव्हॉप्सिसला आवर घालणे जड जाते. शिवाय एस्कोव्हॉप्सिस धडधाकट बागांतही गपचूप असते. वसाहत दुबळी झाली, कामकरी मुंग्या कमी पडल्या, की ती डोके वर काढते. सिन्सेफॅलॅस्ट्रमचेही तेच. म्हणून या बुरश्यांना सरसकट रोग म्हणण्यापेक्षा शेताच्या बांधावर कायम टपून असलेले तण म्हणणे मला अधिक योग्य वाटते. कोणते तण माजेल हे ज्याच्या त्याच्या जोमावर जितके अवलंबून असते, तितकेच ते शेतात हात किती आहेत यावरही असते.

हे हात किती बारकाईने चालतात तेही पाहण्यासारखे आहे. बीजाणू विखुरलेले असतील तर मुंग्या तंतू चाटून ते गोळा करतात, आणि संसर्ग मुरला असेल तर बागेचा तेवढा तुकडाच उपटून टाकतात. चाटून आणलेला कचरा मुंगीच्या तोंडाखालच्या एका छोट्या पिशवीत दाबून भरला जातो. शेतकरी मुंग्यांच्या एका जातीत या पिशवीत एस्कोव्हॉप्सिसचे बीजाणू मारले जातात, असे प्रयोगांत दिसले आहे. मग त्याची गोळी करून ती बाहेर टाकली जाते. वारुळाचा स्वतंत्र उकिरडा असतो. बहुतेक अट्टा जातींत तो जमिनीखालच्या खोल कोठड्यांमध्ये असतो, पनामातली अट्टा कोलोंबिका मात्र तो वारुळाबाहेर ढिगाने रचते. उकिरड्यावर प्रामुख्याने म्हाताऱ्या मुंग्या कामाला असतात, आणि तिथून परतून बागेत येऊ पाहणाऱ्या मुंगीला इतर मुंग्या अडवतात. अट्टा लेव्हिगाटाच्या ब्राझीलमध्ये सिमेंट ओतून मग खणून काढलेल्या वारुळांपैकी एकात 7,864 कोठड्या मोजल्या गेल्या, आणि अशी वारुळे सुमारे 7 मीटर खोल जातात. एवढ्या पसाऱ्यात कचरा आणि पीक वेगळे राहते, ही काही छोटी गोष्ट नाही.

पीक आजारी पडले तर ते मुंगीला कळवते, याचाही पुरावा आहे. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मुंग्यांना बुरशीनाशक लावलेली संत्र्याची साल दिली. त्यांना आधी काही वावगे वाटले नाही, त्यांनी ती आनंदाने नेली. पण बागेला त्रास होऊ लागल्यावर त्यांनी तशी साल उचलणेच बंद केले, आणि ही नकारघंटा कित्येक दिवस टिकली. बुरशीकडून आलेल्या कोणत्यातरी रासायनिक खुणेवरून मुंग्या शिकतात, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला.

बुरशीच्या शेतीचे आणि तिच्यातल्या तणाचे आपल्याकडचे जिवंत उदाहरण वाळवीचे आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोकणात आणि गोव्यात वारुळांवर जी अळंबी उगवते आणि जिच्यासाठी लोक पहाटे रानात जातात, ती वाळवीने जोपासलेल्या टर्मिटोमायसेस बुरशीची छत्री आहे. वाळवीच्या या बागेतही एक झायलेरिया गटातली बुरशी दबा धरून असते. वाळवी वारूळ सोडून गेली की तिचे काळे, काटकीसारखे दांडे वर येतात. मुंग्यांची आणि वाळवीची शेती वेगवेगळ्या खंडांत, एकमेकींशी संबंध नसताना सुरू झाली, तरी तण दोन्हीकडे सारखेच वागते.

नवी वसाहत सुरू होते तेव्हा मात्र सगळा भार एकट्या राणीवर असतो. मीलनाच्या उड्डाणाला निघण्याआधी ती घरच्या बागेतल्या तंतूंची छोटी गोळी त्याच तोंडाखालच्या पिशवीत भरून घेते. ज्या पिशवीतून तिच्या बहिणी तणाचे बीजाणू फेकून देतात, त्याच पिशवीतून पिकाचे विरजण पुढच्या पिढीकडे जाते. हे हर्मान फॉन इहेरिंग यांनी 1898 साली ब्राझीलमध्ये नोंदवले. पंख टाकून, जमिनीत खोली खणून ती ही गोळी बाहेर काढते, तिच्यातले कण तोंडाने तोडून आपल्या विष्ठेच्या थेंबात बुडवते आणि पुन्हा जागेवर बसवते. पहिल्या कामकरी मुंग्या येईपर्यंत अट्टाची राणी स्वतःच्या अंगातल्या चरबीवर आणि उडण्याच्या स्नायूंवर जगते. करी यांना राण्यांच्या अशा गोळ्यांमध्ये एस्कोव्हॉप्सिस सापडली नाही. ती नंतर, शेजारच्या वसाहतींकडून येते. राणीच्या अंगावर मात्र यीस्ट आणि इतर बुरश्यांचे बीजाणू पुष्कळ मिळाले आहेत, आणि त्यांच्यासह ती त्या अंधाऱ्या खोलीत पहिली अंडी घालते.