भोकं कुठे पाडायची, पॅड कुठला फिरवायचा

टेनपिन बोलिंगमध्ये स्वतःचा रिअ‍ॅक्टिव्ह बॉल (कोरड्या लेनवर जोरात पकड घेणाऱ्या रेझिनच्या कवचाचा) घेतला की दोन गोष्टी एकदम ठरवाव्या लागतात, आणि नवा खेळाडू त्या हमखास एकमेकींत मिसळतो. एक, भोकं कुठे आणि कशी पाडायची, म्हणजे लेआउट. दुसरी, बॉलचं कवच किती खरखरीत किंवा किती गुळगुळीत ठेवायचं, म्हणजे फिनिश. दोन्हींमुळे बॉलचं वळण बदलतं. म्हणून बॉल मनासारखा वागेना की खेळाडू प्रो शॉपमध्ये, म्हणजे बॉलला भोकं पाडून देणाऱ्या दुकानात जाऊन सांगतो, ‘लेआउट चुकलंय.’ बहुतेक वेळा लेआउटचा त्यात काही दोष नसतो. माझं मत असं की लेआउट खेळाडूच्या हातावरून ठरवावं आणि फिनिश लेनवरच्या तेलावरून.

(मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये रॅकवरून उचलतो ते पॉलिएस्टरचे हाउस बॉल या चर्चेत धरू नका. त्यांचा गाभा साधा आणि कवच टणक असतं. भोकं कुठेही पाडा, बॉल जवळजवळ सरळच जाणार.)

आधी लेन बघू. फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत 60 फूट, रुंदी 39 फळ्यांची. लीगमध्ये नेहमी मिळणारा हाउस शॉट म्हणजे पहिल्या साधारण 40 फुटांत तेल, तेही मधल्या फळ्यांवर जाड आणि कडेला पातळ. पुढचे 20 फूट कोरडे. बॉल तेलावर घसरत जातो, घर्षण मिळालं की वळतो आणि वळून झालं की गडगडत पुढे जातो. पिनांवर आदळताना तो गडगडायला लागलेला हवा, पण त्याचा जोर आधीच संपलेला नको. लेआउट आणि फिनिश दोन्ही या तीन टप्प्यांच्या वाटणीतच हात घालतात, फक्त वेगवेगळ्या जागी.

फिनिशचं काम घसरण्याच्या टप्प्यावर चालतं. अ‍ॅब्रालॉनचे, म्हणजे बॉल घासायचे पॅड 500, 1000, 2000, 3000, 4000 अशा आकड्यांत मिळतात. आकडा लहान तितका पॅड खरखरीत, आणि 4000 च्याही पुढे गुळगुळीतपणा हवा असेल तर पॉलिश. खरखरीत कवचावरचे बारीक ओरखडे तेलाचा थर भेदून लेनला टेकतात, त्यामुळे बॉल लवकर पकड घेतो. पॉलिश केलेला बॉल तेलावर तरंगल्यासारखा लांब जातो आणि कोरडं लागल्यावरच जागा होतो. कॅरमवर पावडर कमी पडली की स्ट्रायकर अडतो, तेव्हा आपण स्ट्रायकरच्या घडणीवर संशय घेत नाही. बोलिंगमध्ये मात्र नेमका तोच संशय घेतला जातो. यूएसबीसी या अमेरिकेतल्या बोलिंगच्या नियामक संस्थेने बॉलच्या गतीचा मोठा अभ्यास केला होता. त्यातही सगळ्यात जास्त परिणाम कवचाच्या सूक्ष्म खरखरीतपणाचा दिसला.

इथे एक गैरसमज मुळापासून काढायला हवा. ‘खरखरीत केला की जास्त वळतो’ हे अर्धंच खरं आहे. जाड तेलावर ते खरं ठरतं. पण तेल पातळ असेल तर 500 चा बॉल अर्ध्या वाटेतच पकड घेतो, जोर तिथेच खर्च करतो आणि पिनांपर्यंत पोचताना नुसता गडगडत असतो. आदळल्यावर तो पिनांमुळे बाजूला ढकलला जातो आणि उजव्या हाताच्या खेळाडूची कोपऱ्यातली 10 नंबरची पिन उभी राहते. खेळाडू म्हणतो, ‘बॉल कमजोर आहे, अजून घासतो.’ घासल्यावर प्रकरण आणखी बिघडतं. त्याला खरं तर 3000 किंवा 4000 कडे जायला हवं. याच्या उलटही होतं. मध्ये तेल, कडेला कोरडं अशा लेनवर पॉलिशचा बॉल जरा आत पडला तर वळतच नाही आणि जरा बाहेर पडला तर झपकन आत घुसतो. तिथे पॉलिश काढून 2000 केलं की बॉल थोडा लवकर पण शांतपणे वळतो, आणि दोन-तीन फळ्यांची चूक खपून जाते.

फिनिश टिकतही नाही. घासलेला बॉल लेनवर फिरून फिरून गुळगुळीत होतो आणि पॉलिश केलेल्याची चकाकी उतरते. डब्यातून काढला त्या दिवशी अप्रतिम वाटलेला बॉल काही आठवड्यांत ‘मेला’ अशी ओरड होते ती बहुधा यामुळेच. कवचात मुरलेलं तेल हेही एक कारण असतं, म्हणून प्रत्येक वेळी बॉल टाकून झाला की मायक्रोफायबरच्या फडक्याने बॉल पुसायचा.

लेआउट ही तशी गोष्ट नाही. बॉल हातातून सुटताना ज्या अक्षाभोवती फिरतो त्याचं टोक प्रत्येक खेळाडूचं वेगळं असतं. प्रो शॉपवाला आधी ते मोजतो. मोजत नसेल तर दुसरा प्रो शॉप शोधावा. बॉलवर एक छोटा रंगीत ठिपका असतो, त्यालाही पिनच म्हणतात. आतल्या गाभ्याचा माथा कुठे आहे हे त्यावरून कळतं. हा ठिपका अक्षाच्या टोकापासून किती अंतरावर आहे यावर फ्लेअर ठरतो. फ्लेअर म्हणजे बॉल फिरता फिरता अक्ष सरकणं, ज्यामुळे दर फेरीला कवचाची नवी, कोरडी पट्टी लेनला लागते. परत आलेल्या बॉलवर तेलाच्या वर्तुळांचा पंखा दिसतो तो हाच. अंतर 3⅜ इंच असलं की फ्लेअर सर्वाधिक. 0 किंवा 6¾ इंचांवर जवळजवळ नाहीच.

बॉलचे रचनाकार मो पिनेल यांच्या ड्युअल अँगल पद्धतीत लेआउट तीन आकड्यांत लिहितात, उदाहरणार्थ 60 × 5 × 30. मधला आकडा वर सांगितलेलं अंतर, कडेचे दोन म्हणजे कोन. पहिला कोन मोठा असला तर बॉल वळायला उशिरा लागतो. शेवटचा कोन लहान असला तर एकदा वळायला लागल्यावर झटकन वळतो, मोठा असला तर गोलाईने. ज्यांचा गाभा सममित आहे अशा बॉलमध्ये पहिल्या कोनाचा परिणाम फिका असतो, त्यामुळे तिथे त्यावर तासभर वाद घालण्यात अर्थ नाही.

मित्राचं लेआउट उतरवून घेणं का फसतं, हे आता लक्षात येईल. ‘पिन बोटांच्या वर’ (ठिपका बोटांच्या भोकांच्या वर) म्हणजे बॉल लांब जाऊन तीक्ष्ण वळतो आणि ‘पिन बोटांच्या खाली’ म्हणजे लवकर आणि मवाळ, असा ढोबळ नियम सगळे सांगतात. पण दोघांच्या अक्षाची टोकं वेगळी असतील तर तोच ठिपका एकाला 4 इंचांवर पडतो आणि दुसऱ्याला साडेपाचवर. वेगाने टाकणाऱ्या पण बॉलला फिरकी कमी देणाऱ्या खेळाडूला लवकर जागा होणारं लेआउट लागतं, म्हणजे लहान कोन. सावकाश टाकून भरपूर फिरवणाऱ्याला मोठे कोन बरे. हे लेनप्रमाणे दर आठवड्याला बदलत नाही.

पूर्वी फसलेलं लेआउट एक जादा भोक पाडून थोडंफार सावरता यायचं. 1 ऑगस्ट 2020 पासून यूएसबीसीने अशा बॅलन्स होलवर बंदी घातली. आता भोकं बुजवून पुन्हा पाडणं एवढाच मार्ग उरला आहे, आणि तो खर्चिक आहे. त्यापुढे पॅडची किंमत किरकोळ आहे, शिवाय घासलेलं परतही फिरवता येतं.

म्हणून संशय आला तर आधी बॉल वळायला कुठे लागतो ते पाहा, मग कसा वळतो ते. वळायला लागण्याची जागाच चुकत असेल तर पॅड उचला. जागा बरोबर आहे, दोन-तीन पॅड फिरवून पाहिले, तरी वळणाचा आकार आवडत नाही, तेव्हा लेआउटकडे वळा. शक्यतो पुढच्या बॉलच्या वेळी, आहे तो बुजवून नव्हे. खात्री करायची असेल तर एकाच मॉडेलचे, वेगळ्या लेआउटचे दोन बॉल एकाच ग्रिटवर, म्हणजे पॅडच्या एकाच आकड्यावर आणून टाकून बघा. फरक दिसतो, पण ऐकीव गप्पांवरून वाटतो तेवढा नाही. मग त्यातल्या एकालाच 1000 लावा आणि तो फरक किती मोठा पडतो ते पाहा.

स्पर्धेतल्या पॅटर्नवर हे जास्त जाणवतं. पीबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बोलर्सच्या संघटनेच्या प्राणीनामांच्या पॅटर्नमध्ये (पॅटर्न म्हणजे तेलाची मांडणी) चीता आखूड आहे आणि शार्क लांब. तेल जितके फूट, त्यातून 31 वजा करा. बॉल साधारण त्या फळीवरून वळून परत यायला हवा, म्हणजे 40 फुटांना कडेपासून नववी फळी. आखूड तेलावर गुळगुळीत बॉल किंवा युरेथेनच्या कवचाचा, मवाळ वळणारा बॉल घेऊन कडेने खेळायचं, लांब तेलावर खरखरीत करून आतून. बॅगेत दोनच बॉल असतील तरी चार पॅड सोबत असू द्यावेत. मात्र ते सरावाच्या वेळेतच फिरवून घ्यायचे, कारण यूएसबीसीच्या नियमांनुसार स्पर्धेचा खेळ सुरू झाल्यावर कवच घासताही येत नाही आणि पॉलिशही करता येत नाही.