पिसवेचा तुंबलेला घसा

प्लेग कशाने होतो? ‘उंदरामुळे’ हे उत्तर पाठ असतं. त्यापुढे ‘उंदीर चावल्याने’ असं कोणी जोडलं की मात्र माझा संयम सुटतो. चावते ती पिसू.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात साथ सुरू झाली, तेव्हा हे सरकारी डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी गटारांत कार्बोलिक हे जंतुनाशक ओतलं, भिंतींना चुना फासला, लोकांचं सामान जाळलं. चाळकऱ्यांनी पाहून-पाहून एक खूण धरली होती : घरात उंदीर मरून पडायला लागले की बिऱ्हाड हलवायचं. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने पिसवेवर बोट ठेवलं; त्याला बहुतेकांनी वेड्यात काढलं.

मग १९०५ पासून प्लेग कमिशनने परळला प्रयोग मांडले. आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र कोंडले. पिसवा नसतील तर साथ पसरत नव्हती, सोडल्या की पसरायची. पिंजरा जमिनीपासून दोन फूट उंच टांगला की आतला प्राणी वाचायचा, कारण पिसवेची उडी तिथवर पोचत नाही. एका माकडाच्या पिंजऱ्याभोवती तर नुसता चिकट कागद पसरला होता; पिसवांना तो ओलांडता आला नाही आणि माकड वाचलं. खिशात कापराची पुडी बाळगून साथी पळवणाऱ्यांनी हा कागद जरूर आठवावा. पिसू घोट्याला चावते, खिशाचा वास घेत बसत नाही.

पण पिसू जंतू माणसात सोडते कशी? १९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये बेकॉट आणि मार्टिन यांनी हे उलगडलं, आणि मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. पिसवेच्या जठराच्या तोंडाशी आतून काटे असलेली एक झडप असते, प्रोव्हेन्ट्रिक्युलस. आजारी उंदराच्या रक्तातून आलेले जंतू या काट्यांत अडकतात, स्वतःभोवती चिकट द्रव्य सोडतात आणि वाढत वाढत तिथे बोळा बसवतात. आता पिसवेने कितीही रक्त ओढलं तरी पोटात थेंब जात नाही. रक्त बोळ्यावर आपटतं आणि जंतू घेऊन उलट जखमेत येतं. पोट रिकामंच, म्हणून ती भुकेने पिसाळून पुन्हा-पुन्हा चावते. शेवटी स्वतः उपाशी मरते.

चिकट द्रव्य बनवणारी जनुकं (‘एचएमएस’ नावाचा गट) तापमान पाहून वागतात. ३७ अंशांना, म्हणजे आपल्या शरीरात, त्यांचं यंत्र बंद पडतं. पिसवेचं तापमान बाहेरच्या हवेइतकं. हवा साधारण २८ अंशांच्या वर गेली की बोळा नीट धरत नाही.

मुंबईचा प्लेग डिसेंबरात डोकं वर काढायचा, मार्चअखेर शिगेला जायचा आणि जूनपर्यंत ओसरायचा. उन्हाळ्यात पिसवांची संख्याही घटायची, त्यामुळे सगळं श्रेय बोळ्याला देता येत नाही. तरी मे महिन्यातल्या त्या घामट मुंबईत घसा मोकळा झालेल्या पिसवा पोटभर रक्त पिऊन निवांत बसत असणार, असं मला वाटतं.