हॅमिल्करचा डोंगर समुद्राच्या जोरावर उभा होता

कार्थेजचा सेनापती हॅनिबल सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच्या बापाची, हॅमिल्कर बार्काची, सिसिलीतली मोहीम मात्र फारशी कुणी सांगत नाही. युद्धशास्त्राच्या दृष्टीने मला ती मुलाच्या आल्प्स ओलांडण्याइतकीच मोलाची वाटते.

इ.स.पू. 247 मध्ये हॅमिल्करने सिसिलीची सूत्रं हाती घेतली तेव्हा रोम आणि उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज यांच्यातलं पहिलं प्युनिक युद्ध 17 वर्षं रखडलं होतं. बेटावर कार्थेजकडे पश्चिम टोकाची लिलिबियम आणि द्रेपाना ही दोनच बंदरं उरली होती आणि तिथेही रोमन वेढे घालून बसले होते. मोकळ्या मैदानात त्यांच्या लीजनशी, म्हणजे रोमन पायदळाच्या मोठ्या तुकड्यांशी, भिडण्याइतकं बळ हॅमिल्करकडे नव्हतं. त्याने गनिमी काव्याचा मार्ग धरला आणि आधी त्यासाठी जागा निवडली.

ती जागा म्हणजे पानोर्मसजवळचा, म्हणजे आजच्या पालेर्मोजवळचा, हेइर्क्ते डोंगर. इतिहासकार पॉलिबियसने त्याचं वर्णन बारकाईने केलं आहे. चहूबाजूंनी कडे, माथा सपाट आणि घेराला 100 स्टेडिया, म्हणजे सुमारे 18 किलोमीटर. वर गुरांना चारा आणि पेरता येईल अशी जमीन. आपल्या गडांच्या भाषेत सांगायचं तर माची प्रशस्त आणि तिच्यावरच्या उंचवट्यावर टेहळणीचा बालेकिल्ला. वर जायला तीनच वाटा, दोन जमिनीकडून आणि एक समुद्राकडून, तिन्ही अवघड. आणि पायथ्याला बंदर, भरपूर गोड्या पाण्यासह. हा डोंगर म्हणजे आजचा मोंते पेल्लेग्रिनो की पश्चिमेकडचा मोंते कास्तेलाच्चो, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मात्र या भागातले डोंगर चुनखडीचे आहेत. चुनखडीच्या भेगांतून पावसाचं पाणी आत मुरतं आणि बऱ्याचदा पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. असा दगड उभ्या कड्यांसाठीही ओळखला जातो.

इथून हॅमिल्कर जवळपास तीन वर्षं लढला. रोमन छावणी जेमतेम एक किलोमीटरवर होती. रोज छापे, दबा, हुलकावण्या चालत. त्या इतक्या होत्या की पॉलिबियसने त्यांचा तपशील देणंच सोडून दिलं. मधूनच त्याची जहाजं निघत आणि थेट इटलीचा किनारा क्युमीपर्यंत लुटून येत. मग इ.स.पू. 244 मध्ये त्याने आणखी धाडसी उडी घेतली. द्रेपानाजवळच्या एरिक्स डोंगराच्या माथ्यावर आणि पायथ्याशी रोमन ठाणी असताना त्याने दोहोंच्या मधलं गाव ताब्यात घेतलं आणि पुढची दोन वर्षं ते सोडलं नाही. वरून शत्रू, खालून शत्रू, आणि समुद्राकडे जाणारी एकच वाट.

त्या एका वाटेवरच सगळं अवलंबून होतं. त्या काळच्या शिपायाला रोज साधारण पाऊण ते एक किलो धान्य लागे. दहा हजार माणसं धरली तर दिवसाला आठ-नऊ टन, महिन्याला अडीचशे टनांच्या आसपास. एवढं धान्य डोंगरावर पिकत नाही आणि छापे मारूनही मिळत नाही. ते जहाजांनीच यायला हवं.

रोमने नेमकं हेच हेरलं. सरकारी तिजोरी रिकामी होती, म्हणून श्रीमंत नागरिकांच्या कर्जातून 200 युद्धनौका बांधल्या गेल्या. इ.स.पू. 241 च्या मार्चमध्ये सिसिलीच्या पश्चिमेकडच्या एगाटीस बेटांपाशी त्यांनी कार्थेजचं आरमार गाठलं. एरिक्सला पोचवायच्या धान्याने ती जहाजं जड झाली होती. आधी माल उतरवायचा आणि मग हॅमिल्करचे निवडक लढवय्ये जहाजांवर घ्यायचे, असा बेत होता. रोमनांनी त्याआधीच गाठ घातली. पॉलिबियसच्या हिशेबाने 50 जहाजं बुडाली, 70 पकडली गेली.

ही लढाई आता फक्त ग्रंथांत राहिलेली नाही. त्यांपैकी लेव्हांझो बेटाजवळ, सुमारे 80 मीटर खोलीवर, पुरातत्त्वज्ञांना गेल्या दोन दशकांत शत्रूचं जहाज फोडण्यासाठी जहाजांच्या नाकाडावर बसवायच्या 20 हून अधिक ब्राँझच्या धडका सापडल्या आहेत, शिवाय शिरस्त्राणं आणि अँफोरे, म्हणजे माल साठवायचे मातीचे उंच रांजण. काही धडकांवर लॅटिन मजकूर आहे, एकीवर प्युनिक, म्हणजे कार्थेजच्या भाषेतला. त्यांच्या मापांवरून ही जहाजं ग्रंथांत वर्णन केलेल्या पाच-रांगी मोठ्या वल्ह्यांच्या नौकांपेक्षा लहान असावीत असं दिसतं.

एरिक्सवर हॅमिल्कर हरला नव्हता, पण पुढे अन्न यायचं बंद झालं होतं. कार्थेजने तहाचे अधिकार त्याच्याकडेच दिले. शस्त्रं खाली न ठेवता त्याचं सैन्य डोंगर उतरलं, सिसिली रोमची झाली. सिसिलीहून कार्थेजला आणलेल्या भाडोत्री शिपायांचा थकलेला पगार कार्थेजने कमी करू पाहिला, तेव्हा ते बंडाला उठले. ते बंड मोडायला अखेर हॅमिल्करलाच पुढे यावं लागलं, आणि समोर त्याच्याच डोंगरी युद्धात तयार झालेली माणसं होती.